टायरच्या अंगावरचे दोनशे

आपल्याकडे टायरच्या दुकानात गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारतं, "किती चालेल?" दुकानदार तळहातानं टायर थोपटतो आणि म्हणतो, "पन्नास हजाराला मरण नाही." व्यवहार इथंच संपतो. टायरच्या बाजूवरची बारीक अक्षरं वाचत कुणी बसत नाही. रुंदी, रिमचा घेर, पेलायचं वजन, वेगाचं अक्षर या गर्दीत, अमेरिकेत विकायच्या टायरवर, ट्रेडवेअर असा एक शब्द आणि त्यापुढे एक आकडा कोरलेला असतो. घरगुती गाडीच्या टायरवर तो ४००, ५००, कधी त्याहूनही मोठा. पण रोजची गाडी घेऊन सुट्टीच्या दिवशी रेसच्या ट्रॅकवर जाणारे जे लोक असतात, त्यांच्या टायरवर तो बहुधा २०० असतो.

या हौसेला 'ट्रॅक डे' म्हणतात. शर्यत नाही, बक्षीस नाही. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि पंधरा-वीस मिनिटांच्या फेऱ्यांमध्ये गाडी जीव तोडून पळवायची. जर्मनीतला न्युर्बुर्गरिंग १९२७ साली खुला झाला तेव्हापासूनच तिथं सामान्य माणसाला तिकीट काढून गाडी घालता येत होती. या लोकांना हवा असलेला टायर विचित्र आहे. ट्रॅकवर तो डांबराला चिकटला पाहिजे, आणि संध्याकाळी त्याच टायरवर घरीही परतता आलं पाहिजे. 'दोनशेवाला' टायर म्हणजे या दोन मागण्यांमध्ये झालेली तडजोड. ती कशी झाली, आणि त्या आकड्यावर विश्वास किती ठेवायचा, हे कळायला बरंच मागं जावं लागतं.

रबराची सुरुवातीची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, म्हणून भराभर सांगतो. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये कळलं की गंधक घालून तापवलं तर रबर उन्हात वितळत नाही आणि थंडीत तडकत नाही. त्याचं पेटंट १८४४ चं. तो मेला मात्र कर्जात. १८७६ मध्ये हेन्री विकहॅमनं ब्राझीलमधून सुमारे सत्तर हजार रबरबिया लंडनच्या क्यू उद्यानात आणल्या. तिथं उगवलेली रोपं सिलोनला गेली आणि आशियात रबराचे मळे उभे राहिले. केरळात थट्टेकाडला १९०२ मध्ये लागवड झाली. हवा भरलेल्या टायरचं पहिलं पेटंट रॉबर्ट थॉमसनचं, १८४५ चं. जग ते विसरलं, आणि १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलप या जनावरांच्या डॉक्टरनं मुलाच्या तीनचाकीसाठी तोच शोध पुन्हा लावला. डनलपला मुलाला बसणारे धक्के कमी करायचे होते. पकड हा विषय त्याच्या डोक्यातही नव्हता.

टिकाऊपणाची पहिली खरी उडी रंगामुळे पडली. सुरुवातीचे टायर काळे नव्हते. रबरात झिंक ऑक्साइड असे, त्यामुळे ते मळकट पांढरे दिसत. मिशेलिनच्या जाहिरातीतला १८९८ चा तो टायरांच्या वळकट्यांचा माणूस पांढरा का, याचं उत्तर हेच. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लंडनच्या सिल्व्हरटाउनमधल्या रबर कारखान्यात लक्षात आलं की रबरात काजळी मिसळली की त्याची झीज कितीतरी पटींनी कमी होते. काजळीचे सूक्ष्म कण रबराच्या साखळ्यांना धरून ठेवतात. गंमत अशी की आपण ज्याला टायरचा रंग समजतो तो मुळात रंग नव्हेच. तो त्याच्या आयुष्याचा विमा आहे.

आता पकड. इथं थोडं थांबावं लागेल, कारण सगळा गुंता इथंच आहे.

रबर डांबराला धरतं कसं? थोडं चिकटून, आणि बरंचसं दबून. डांबरातली खडी टायरमध्ये रुतते, रबर दबतं आणि खडी पुढे गेली की परत फुगतं. ते लगेच, पूर्ण जोरानं फुगलं तर दबताना घेतलेली सगळी ताकद परत देतं आणि टायर खडीवरून सहज घसरतो. ते आळसावून फुगलं तर काही ताकद रबराच्या आतच उष्णता होऊन जिरते, आणि तेवढ्यानं गाडी धरली जाते. रबरी चेंडू फरशीवर टाकला तर उसळतो, कणकेचा गोळा टाकला तर थप्पकन बसतो. पकडीच्या दृष्टीनं कणकेचा गोळा बरा. केंब्रिजच्या डेव्हिड टेबर या भौतिकशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात हा हिशेब मांडला, आणि ब्रिटिश कंपन्यांनी मुद्दाम 'आळशी' रबराचे, ओल्या रस्त्यावर धरणारे टायर काढले.

असं रबर करणं तेव्हा शक्य होतं, कारण युद्धानं एक काम आधीच करून ठेवलं होतं. १९४२ मध्ये जपाननं मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतल्यावर अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा पुरवठा जवळजवळ तुटला. मग स्टायरीन आणि ब्युटाडाइनपासून कृत्रिम रबर प्रचंड प्रमाणात बनू लागलं. हे रबर नैसर्गिक रबराइतकं उसळत नाही. ट्रकच्या टायरसाठी हा दोषच, कारण टायर तापतो. पण मोटारीच्या टायरमध्ये रस्त्याला टेकणाऱ्या थरासाठी तो गुण ठरला.

म्हणजे टायर धरतो तेव्हाच तापतो. तापला की मऊ होतो, मऊ झाला की आणखी धरतो, आणि त्याच वेळी थोडा थोडा रस्त्यावर उरतो. सैल कणीक पोळपाटाला चिकटते तेव्हा आपला एक थर तिथं ठेवून जाते, तसं. शर्यतीनंतर वळणांच्या कडेला रबराच्या काळ्या गोळ्या पडलेल्या दिसतात. ती सगळी पकड असते, वापरून झालेली.

रसायनाचं असं. बांधणीचं वेगळं. मारिउस मिन्योल हा माणूस मिशेलिनच्या छापखान्यात कामाला लागला होता. त्यानं चाचणीसाठी एक टायर बनवला. त्याच्या बाजूंना तिरक्या कापडाच्या थरांऐवजी नुसत्या विरळ तारा होत्या. कारखान्यात त्याचं नाव पडलं 'माश्यांचा पिंजरा'. त्यातूनच रेडियल टायर निघाला: पेटंट १९४६ चं, विक्री १९४९ पासून. बाजू लवचीक आणि माथ्याला पोलादी पट्टा असल्यामुळे वळणात टायर वाकला तरी रस्त्याला टेकणारा भाग सपाट राहतो. झीज कमी, पकड जास्त, दोन्ही एकदम. टायरच्या इतिहासात असा फुकटचा फायदा क्वचितच झाला. भारतात जेके टायरनं १९७७ मध्ये रेडियल आणला, आणि त्यानंतरही बरीच वर्षं आपल्याकडे 'रेडियलची बाजू नाजूक असते' म्हणून लोक नाकं मुरडत होते.

पुढचा टप्पा पिरेलीचा. पोलादी पट्टा जड असतो आणि प्रचंड वेगात तो बाहेर फेकला जाऊ पाहतो. १९७४ मध्ये लांसिया स्ट्रॅटोस या रॅलीच्या गाडीसाठी पिरेलीनं पट्ट्यावर नायलॉनचा दोर फिरण्याच्या दिशेनंच गुंडाळला, डोक्याला फेटा आवळावा तसा. हा 'पी-७'. बुटका, रुंद, आणि पुढे पोर्शा ९११ टर्बोवर दिसलेला. रस्त्यावर चालवता येणारा आणि ट्रॅकवर न लाजवणारा टायर, या घराण्याचा मूळपुरुष कोण असं मला विचारलं तर मी या पी-७ कडे बोट दाखवीन.

आता तो आकडा. त्याचा जन्म रेसच्या ट्रॅकवर झालेला नाही. तो झाला ग्राहक हक्काच्या चळवळीत. राल्फ नेडरनं १९६५ मध्ये मोटारींच्या असुरक्षिततेवर पुस्तक लिहिलं, अमेरिकेत गदारोळ झाला, आणि १९६६ च्या वाहनसुरक्षा कायद्यात टायरची प्रतवारी करा असा हुकूम आला. कंपन्यांनी जमेल तितकं लांबवलं. प्रत्यक्ष नियम लागू व्हायला १९७९-८० उजाडलं. टेक्सासमध्ये सॅन अँजेलो गावाभोवती सार्वजनिक रस्त्यांचा सुमारे ६४० किलोमीटरचा एक फेरा ठरवला गेला. त्यावर काही गाड्यांचा ताफा सुमारे साडेअकरा हजार किलोमीटर पळवायचा, अधूनमधून नक्षीची खोली मोजायची आणि शेजारच्या गाडीवरच्या प्रमाण टायरशी तुलना करायची. प्रमाण टायरला १००. दुप्पट टिकेल असं वाटलं तर २००. १९८३ मध्ये सरकारनं ही झिजेची प्रतवारी बेभरवशाची म्हणून स्थगित केली, तेव्हा नेडरनंच स्थापन केलेली पब्लिक सिटिझन ही संस्था कोर्टात गेली आणि १९८४ मध्ये ती प्रतवारी परत आली.

या पद्धतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आकडा कंपनी स्वतः ठरवते. सरकार मागाहून तपासू शकतं, एवढंच. आणि ताफा कायद्यानं घालून दिलेल्या वेगात, शहाण्या माणसासारखा चालतो. टायर १०० अंशांपर्यंत तापवून वळणात फरफटवला तर काय होईल, हे सॅन अँजेलोचा रस्ता सांगूच शकत नाही.

तरीही रेसवाल्यांनी तो उचलला, कारण दुसरा आकडाच नव्हता. १९८० च्या दशकात कंपन्यांनी कायद्यानं रस्त्यावर चालणारे पण खरं तर शर्यतीचेच असे टायर काढले. टोयोचा आजचा आर८८८आर त्याच जातीचा; त्याच्या अंगावर १०० आहे. असे टायर काही दिवसांत संपतात, आणि मग ज्याचा खिसा मोठा तो जिंकतो. हौशी शर्यतींच्या आयोजकांनी त्यावर स्वस्त उपाय काढला: अमुक आकड्याच्या खालचा टायर चालणार नाही. कुठं १४०, कुठं १८०, आणि मग बहुतेक ठिकाणी २००. कुटुंबाची गाडी चालवणाऱ्या बापासाठी बनवलेला आकडा अशा तऱ्हेनं रेसच्या फाटकावरचा पहारेकरी झाला.

कंपन्यांनी या पहारेकऱ्याला चुकवायचं कसं हे लवकरच शोधलं. अंगावर २०० कोरून पकड जुन्या शंभरवाल्यांची. योकोहामाचा अ‍ॅडव्हान ए०५२ आणि हँकूकचा व्हेंटस आरएस४, दोघांच्याही अंगावर २०० च. पण पहिला दोन-चार फेऱ्या थरारक धरतो, मग तापून ढेपाळतो आणि लवकर संपतो. दुसरा पकडीत थोडा मागं, पण तासन्‌तासांच्या शर्यतीत दमदार चालत राहतो. एकच आकडा आणि दोन वेगळे स्वभाव. म्हणून ट्रॅक डेला मुरलेला माणूस आकडा बघतो, पण विचारतो ते दुसरंच: किती फेऱ्यांनंतर हा सुटायला लागतो? नव्यानं जाणाऱ्याला तर मी दोनशेवालाही सांगणार नाही. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ४एस, तीनशेच्या वर्गातला, पुरेसा आहे. तो सुटण्याआधी आवाज करतो, सांगून सुटतो. शिकणाऱ्याला असा बोलका टायर बरा.

टिकाऊ म्हणजे नुसती नक्षी उरणं नव्हे, हे फॉर्म्युला वननं एकदा जाहीरपणे दाखवलं. २००५ मध्ये नियम होता की पात्रता फेरी आणि अख्खी शर्यत एकाच संचावर करायची. इंडियानापोलिसच्या तिरप्या तेराव्या वळणावर मिशेलिनच्या टायरांच्या बाजू दगा देऊ लागल्या, राल्फ शूमाकरची गाडी भिंतीवर आदळली, आणि रविवारी मिशेलिनवाल्या चौदा गाड्या सुरुवातीच्या फेरीनंतर आत वळल्या. ब्रिजस्टोनवर धावणाऱ्या सहाच उरल्या. त्यांतली चौथी आली नारायण कार्तिकेयनची. भारतीयानं फॉर्म्युला वनमध्ये मिळवलेले पहिले गुण टायरच्या टिकाऊपणाच्या हिशेबात जमा आहेत, असं म्हटलं तर त्याच्या कौशल्याचा अपमान होऊ नये.

आणखी एक उलटं वाटणारं सत्य. अमेरिकेत ट्रॅकवाले कोऱ्या टायरची नक्षी यंत्रावर तासून घेतात, आठ मिलिमीटरची तीन-चारवर आणतात, आणि तो टायर ट्रॅकवर जास्त टिकतो. कारण उंच नक्षीचे ठोकळे वळणात वाकतात, आतल्या आत तापतात आणि त्यांचे तुकडे उडतात. बुटका ठोकळा वाकत नाही. आपल्या दुकानदाराला कुणी कोरा टायर तासून मागितला तर तो आधी मालाच्या पावतीकडे आणि मग गिऱ्हाइकाच्या डोक्याकडे बघेल.

आपल्याकडचा हिशेब आणखी निराळा. 'समर टायर' हा शब्दच आपल्याला गमतीचा वाटतो. युरोपात सात अंशांखाली हे रबर कडक होतं म्हणून हिवाळ्याचा संच वेगळा. महाबळेश्वरची पहाट सोडली तर आपल्याला ती चिंता नाही. आपली अडचण उलटी. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर दुपारचं डांबर पन्नास अंशांच्या वर जातं. थंडगार इंग्लंडात वाखाणलेला मऊ टायर तिथं दुसऱ्याच फेरीत लोण्यासारखा होतो. हवा थंड टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी कमी भरायची आणि ट्रॅकवरून आत आल्या आल्या, टायर गरम असतानाच, पुन्हा मोजायची, ही सवय इथं नावाजलेल्या टायरपेक्षा जास्त कामाची. शिवाय जून २०२० पासून परदेशी टायरच्या आयातीवर सरकारी निर्बंध आहेत, त्यामुळे वर ज्यांची नावं घेतली त्यांतले काही इथं मिळणं मुश्कील. जो मिळेल त्याच्या बाजूवरचे चार आकडे आधी वाचावेत: टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. गोदामात चार वर्षं पडलेला मऊ टायर मऊ उरत नाही.

आणि मग अंतर. मुंबईहून चेन्नई जवळपास तेराशे किलोमीटर. ट्रॅकवर दिवसभरात फार तर शे-सव्वाशे किलोमीटर होतील; बाकीचे सव्वीसशे सातारा, कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर असे महामार्गावर, कायद्याच्या वेगात, शहाण्या माणसासारखे. सॅन अँजेलोच्या ताफ्यावरून आलेला आकडा लागू पडलाच तर या रस्त्यावर. परतीला खंबाटकीत पाऊस लागला, तर बाहेरच्या कडेला नक्षीची किती खोली उरली आहे ते मात्र निघायच्या आधीच, तिथं पिटमध्ये, रुपयाचं नाणं घालून बघून घेतलेलं असावं.