पुण्यतिथीभोवती जमलेलं गाण्याचं वर्ष

पुण्या-मुंबईकडच्या गाण्याच्या रसिकाला सरत्या वर्षातल्या मनात राहिलेल्या मैफली विचारल्या, तर तो सहसा सभागृहाचं नाव सांगत नाही. ‘सवाई’त मुलतानी कुणाचा जमला, गुणीदास संमेलनात कोण रंगलं, मिरजेला उरुसात कुणी हजेरी लावली, पणजीला केसरबाईंच्या समारोहात काय ऐकलं, अशा खुणांनी तो वर्ष मोजतो. सवाई गंधर्व, ‘गुणीदास’ जगन्नाथबुवा पुरोहित, अब्दुल करीम खाँ, सुरश्री केसरबाई केरकर ही सगळी गेलेल्या कलावंतांची नावं आहेत. मद्रासचा डिसेंबरातला हंगाम निराळ्या वाटेने आला. १९२७ च्या डिसेंबरात तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याला जोडून संगीत परिषद झाली, तिच्यातून १९२८ मध्ये म्युझिक अकॅडमी उभी राहिली आणि मार्गळीच्या पवित्र महिन्याशी त्या हंगामाची सांगड बसली. आपल्याकडे रसिकाचं वर्ष हंगामाने किंवा परिषदेने घडवलं नाही, ते पुण्यतिथीने घडवलं. जाहीर मैफलीचा इतिहास सांगताना तिकीट, नाट्यगृह आणि मायक्रोफोन यांना मोठं श्रेय दिलं जातं आणि ते रास्तही आहे. पण माणसं दरवर्षी त्याच ओढीने परत का येतात, याचं उत्तर त्यांच्यात सापडत नाही. त्यासाठी स्मरणाच्या जुन्या रीतीकडेच जावं लागतं.

ही रीत महाराष्ट्रात मुरलेली होती. कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत ज्ञानेश्वरांचा समाधी सोहळा, फाल्गुनात देहूला तुकाराम बीज, माघात सज्जनगडावर दासनवमी: गेलेल्या माणसाच्या तिथीला जमायचं, रात्रभर कीर्तन-भजन करायचं, पहाटे काकडा आणि मग प्रसाद. तिथे गाणारा पाहुणा नसतो, तो सेवेला आलेला असतो. दर्ग्यातल्या उरुसाची रीत याहून फार वेगळी नाही आणि मिरजेत या दोन्ही रीती शेजारी नांदल्या. मिरज हे तंबोऱ्यांचं गाव. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात गाणं ही तिथली जुनी चाल, आणि अब्दुल करीम खाँसाहेब दर्ग्याच्या आवारातल्या चिंचेखाली बसून ही सेवा करत. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत अस्वस्थ वाटू लागलं म्हणून ते सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनावर उतरले, आणि तिथेच त्यांचा अंत झाला. देह मिरजेला आणला गेला आणि दर्ग्याच्या परिसरातच दफन झाला. पुढे उरुसातलं गाणं त्यांच्याही स्मरणाचं झालं. ज्याने पिराच्या पायाशी हजेरी लावली, त्याच्या नावाने आता इतर कलावंत हजेरी लावू लागले. संताच्या तिथीवरून गायकाच्या तिथीवर जाणारी वाट अशी एकाच आवारात दिसते. या मैफलीला तिकीट नाही. नामवंत गवईही इथे बिदागीची घासाघीस न करता येतात, कारण आपण मिरजेला गायलो हे सांगण्यात त्यांना मान वाटतो.

यावर पहिला आक्षेप इतिहासाच्या अभ्यासकाचाच येईल. आधुनिक मैफल देवळात किंवा दर्ग्यात जन्मली नाही, ती एकोणिसाव्या शतकातल्या सभा-समाजांत जन्मली, असं तो म्हणेल. मुंबईत १८७० मध्ये पारशी गायन उत्तेजक मंडळी निघाली, पुण्यात १८७४ मध्ये गायन समाज स्थापन झाला, कोल्हापुरात १८८३ मध्ये देवल क्लबची सुरुवात झाली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि तिकीट लावून जाहीर जलसे केले. भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये पुण्यात भारत गायन समाज उभा केला. संस्थानिकाच्या दिवाणखान्यातून गाणं बाहेर आलं ते या मंडळींमुळे. ही सगळी माहिती खरी आहे आणि या माणसांचे उपकार मोठे आहेत. पण या संस्थांची पुढची वाटचाल पाहिली की माझंच म्हणणं बळकट होतं. गायन समाजाचा रोख गाण्याला प्रतिष्ठा मिळवून देण्यावर होता, विष्णु दिगंबरांचा शिक्षणावर. वर्षातला एक ठरलेला दिवस त्यांनी श्रोत्याला दिला नव्हता. भास्करबुवा १९२२ मध्ये गेले, विष्णु दिगंबर २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत गेले. त्यानंतर त्यांच्या शिष्यांनी आणि संस्थांनी एप्रिलात भास्करबुवांचं आणि ऑगस्टात पलुस्करांचं स्मरण गाण्याने करायला सुरुवात केली. संस्थापक हयात असताना जी संस्था शाळा होती, ती त्याच्या माघारी वर्षातून एकदा मैफलीची जागाही झाली. सभा-समाजांनी ऐकणारा घडवला, आणि त्याला परत येण्याचा दिवस मिळाला तो पुण्यतिथीमुळे.

ऐकणारा घडवण्यात संगीत नाटकाचाही मोठा वाटा आहे. १८८० मध्ये किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं. १९११ च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांच्या आणि १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवांच्या चाली गाजल्या. ज्याने कधी बैठक पाहिली नव्हती, त्या पेठेतल्या कारकुनाच्या कानावर यमन, भीमपलास, बागेश्री पडले ते नाटकामुळे. रामभाऊ कुंदगोळकर याच दुनियेतले. धारवाडकडचा हा कन्नड मुलगा अब्दुल करीम खाँकडे शिकला, मराठी रंगभूमीवर गाजला आणि ‘सवाई गंधर्व’ म्हणून ओळखला जाऊ लागला. १२ सप्टेंबर १९५२ रोजी ते गेले. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांच्या पुण्यतिथीला गाणं झालं. आर्य संगीत प्रसारक मंडळ, रामभाऊंचे जावई डॉ. नानासाहेब देशपांडे आणि शिष्य भीमसेन जोशी हे त्यामागचे हात. भीमसेनांनी हा उत्सव पन्नास वर्षांच्या आसपास स्वतः खांद्यावर वाहिला. ‘गुरुजींच्या पुण्यतिथीला या’ हा त्यांचा शब्द मोठमोठ्या कलावंतांना मोडवत नसे, कारण तो संयोजकाचा नव्हता, शिष्याचा होता. शास्त्रीय संगीताला हजारोंची गर्दी होऊ शकते हे पुण्याने या एका उत्सवात दाखवून दिलं. मैदानावर सतरंज्या घालून भारतीय बैठक, मागे खुर्च्या, कडेला खाण्याच्या गाड्या आणि चहाच्या किटल्या, आणि तरी तंबोरे जुळत असताना पसरणारी शांतता. ही गर्दी फक्त प्रसिद्ध नावांना जमलेली नव्हती. पहिल्या सत्रातल्या नवख्या गायकालाही ती तितकंच मन लावून ऐकत होती, आणि तो नवखा कुणाचा शिष्य आहे हे तिला पाठ होतं.

पुण्यतिथीच्या चौकटीने आणखी एक मोठं काम केलं आणि त्याची दखल पुरेशी घेतली जात नाही. बैठकीच्या जगात गाणाऱ्या स्त्रीची जागा अवघड होती. तिचं गाणं हवं असे, तिला मान द्यायला मात्र माणसं कचरत. गंगूबाई हनगलांनी लहानपणी सोसलेल्या अवहेलनेविषयी पुढे मोकळेपणाने सांगितलं आहे. हिराबाई बडोदेकरांनी नाट्यगृहात तिकीट लावून जलसे केले आणि स्त्रीचं जाहीर गाणं सन्मानाचं करून दाखवलं, ही एक वाट. गुरूची पुण्यतिथी ही दुसरी. तिथे जात, घराणं, आई कोण होती हे प्रश्न मागे पडतात आणि गुरूशी असलेलं नातं पुढे येतं. सवाई गंधर्वांच्या उत्सवात गंगूबाई भीमसेनांची थोरली गुरुभगिनी म्हणून बसत, आणि तो मान कुणी देऊ केलेला नव्हता, तो नात्यानेच त्यांचा होता. तसेच पारशी फिरोज दस्तूर. मुसलमान उस्तादाचा कन्नड ब्राह्मण शिष्य, त्याच्या गादीचे वारस म्हणून एक पारशी, एक गाणाऱ्या बायकांच्या घरातली लेक आणि एक घरातून पळून गेलेला गदगचा मुलगा: असं कुटुंब त्या काळच्या दुसऱ्या कुठल्या व्यासपीठावर सहज बसलं असतं, याची मला खात्री नाही. समाजसुधारणेचा हेतू धरून हे घडलं नाही, पण घडलं हे महत्त्वाचं.

दुसरा आक्षेप असा की पुण्यतिथी हे नुसतं निमित्त आहे. सवाई गंधर्व सप्टेंबरात गेले आणि महोत्सव डिसेंबरात होतो, तेव्हा तिथीचं काय उरलं? भर पावसाच्या महिन्यात उघड्या मैदानावर हजारो माणसं बसवता येत नाहीत, थंडीत येतात, म्हणून तारीख हलली. पण आपल्याकडच्या उत्सवांत सोयीसाठी दिवस पुढे-मागे करणं नवीन नाही. दिवस हलला म्हणून रचना हलते का, हे पाहायला हवं. ती हलली नाही. ज्येष्ठाने शेवटी गायचं हा क्रम राहिला. किराणा घराण्याच्या वारसांची हजेरी राहिली. सांगतेला खुद्द सवाई गंधर्वांची भैरवीची ध्वनिमुद्रिका ऐकवण्याची प्रथा राहिली. ज्याच्या नावाने सगळे गायले, तो सर्वांत ज्येष्ठ म्हणून शेवटी गातो. २४ जानेवारी २०११ ला भीमसेन गेले आणि त्या वर्षापासून महोत्सवाच्या नावात गुरूशेजारी शिष्याचं नाव आलं. निमित्तापुरतं असलेलं स्मरण असं वाढत नाही. शिवाय रामभाऊंच्या कुंदगोळ गावात, नाडगीरांच्या वाड्यात त्यांच्या पुण्यतिथीचं गाणं वेगळं होतच राहिलं. पुण्याच्या मैदानापुढे तो वाडा अगदी लहान, पण गायकांच्या लेखी त्याचं वजन कमी नाही.

जालंधरचं हरिवल्लभ संमेलन १८७५ पासून गुरूच्या स्मरणातच सुरू झालं आणि तिरुवैयारूला त्यागराजांची आराधना होते, मग यात महाराष्ट्राचं वेगळेपण काय, असंही विचारता येईल. वेगळेपणाचा दावा मी करत नाही. फरक दाटीचा आहे. तिकडे एका मोठ्या नावाभोवती सगळं गोळा झालं. इकडे एकेका गुरूची तिथी धरून गावोगाव उत्सव उभे राहिले. सी. आर. व्यासांनी १९७७ मध्ये आपल्या गुरूच्या नावाने मुंबईत गुणीदास संमेलन सुरू केलं. मंगेशकर कुटुंब २४ एप्रिलला मास्टर दीनानाथांचं स्मरण करतं. गोव्यात जितेंद्र अभिषेकींच्या नावाने गाणं होतं. रसिकाची दिनदर्शिका या धाग्याने ओवलेली आहे.

या व्यवस्थेचं खरं नुकसान मात्र झालं आहे आणि ते वेगळ्याच बाजूने झालं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडक केले आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाला. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, एवढीच मोकळीक. आजाऱ्यांचा आणि परीक्षेच्या मुलांचा विचार करता नियम योग्यच आहे. पण सवाई पूर्वी रात्रभर चाले. मध्यरात्र उलटल्यावर दरबारी किंवा मालकंस, रात्र ओसरताना ललत, उजाडताना तोडी, असा रागांचा प्रवास ऐकणाऱ्याच्या अंगावरून जाई. आता सत्रं दुपारी सुरू होतात. त्यामुळे मुलतानी, पूर्वी, मारवा यांना मैदानावर मोठा श्रोता मिळाला, हा लाभ मोलाचा आहे. उत्तररात्रीचे राग मात्र मोठ्या जमावाच्या कानांवरून नाहीसे झाले, आणि विशी-तिशीतल्या श्रोत्याने ललत ऐकला असेल तर तो बहुधा मोबाइलवर, दिवसाच्या भलत्याच वेळी. हे नुकसान भरून काढायला मोठा महोत्सव उपयोगाचा नाही. नियमांची बंदी उघड्या जागेला आहे. बंद सभागृहात आतल्यांपुरता ध्वनिक्षेपक रात्रीही लावता येतो. दोन-तीनशे माणसांच्या सभागृहाला तर त्याचीही गरज थोडीच. म्हणून गावोगावच्या लहान पुण्यतिथींनी वर्षातून एक तरी रात्र पहाटेपर्यंत जागवावी. त्यांच्याकडे गुरूचं नाव आहे, शिष्य आहेत, जाणता श्रोता आहे. कमी आहे ती रात्रभर सभागृह उघडं ठेवू देणाऱ्या विश्वस्तांची, आणि त्यांना गळ घालणं हे रसिकांचंच काम आहे.