कात्री, खळ आणि जुनी जमाखर्चाची वही

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत चिकटवही, म्हणजे वर्तमानपत्रांतील कात्रणे व चित्रे डकवून केलेला संग्रह, घरोघरी आढळू लागली, त्यामागे १८३०च्या दशकात एका सेंटाला मिळू लागलेल्या वर्तमानपत्रांचा मोठा वाटा होता. साहित्य जेमतेम लागे: कात्री, पिठाची खळ, जी टिकावी म्हणून तिच्यात तुरटी घालत, आणि कोऱ्या वहीऐवजी बरेचदा निकामी झालेली जमाखर्चाची वही किंवा कोणी न वाचलेला सरकारी अहवाल, ज्याची मधली काही पाने कापून टाकली की कात्रणांच्या जाडीने तो फुगत नसे. (अशा अहवालांचा याहून चांगला उपयोग क्वचितच झाला असेल.) मार्क ट्वेन या लेखकाने १८७३ मध्ये आधीच डिंक लावलेल्या पानांच्या वहीचे पेटंट घेतले, पान ओलसर करून त्यावर कात्रण दाबले की काम भागे, आणि खळीचा पसारा टळे.

तथापि या संग्रहांचे ऐतिहासिक मोल सोयीपेक्षा निवडीत आहे. फिलाडेल्फियातील विल्यम डोर्सी या कृष्णवर्णीय संग्राहकाने जवळजवळ ४०० चिकटवह्यांमध्ये मुख्यतः आपल्या समाजाविषयीच्या बातम्या जपल्या, ज्या एकत्र सांभाळण्याची फिकीर त्या काळच्या मोठ्या संस्थांना फारशी नव्हती. वर्तमानपत्रांचा कागद पुढे चिंध्यांऐवजी लाकडाच्या लगद्यापासून बनू लागला, त्यात आम्ल असल्यामुळे त्या काळातील कात्रणे पिवळी पडून ठिसूळ होतात, आणि आज ती हाताळणेही अभिलेखागारांना जड जाते.