न हलतां बदलणारें पान

संगणकाच्या पडद्यावर आपण एखाद्या शहराचा नकाशा उघडतों, तो डावीकडे ओढतों, आणि उजवीकडचा प्रदेश आपोआप येऊन पडदा भरतो. शोधाच्या चौकटींत दोन अक्षरें लिहितों न लिहितों तोंच खालीं सूचनांची रांग उमटते. टपाल वाचीत असतांना नवें पत्र वरच्या ओळींत येऊन बसतें, आणि हातांतलें पत्र जागचें हलत नाहीं. आजच्या श्रोत्यांना यांत नवल वाटणार नाहीं. परंतु वेबच्या पहिल्या दहापंधरा वर्षांत सामान्य वाचकाला हा अनुभव जवळजवळ नव्हताच. त्या काळीं पान बदलावयाचें म्हणजे तें सबंध पुसावयाचें, पडदा क्षणभर पांढरा राहूं द्यावयाचा, आणि नवें पान वरपासून खालपर्यंत पुन्हां मांडावयाचें. पानाचा एक कोपरा तेवढा बदलण्याची युक्ति कोठें निघाली, ती हाताशीं असतांनाहि पांच वर्षें अडगळींत कां पडली, आणि तिचा बोलबाला झाला तेव्हां लोकांच्या तोंडीं दुसऱ्याच मनुष्याचें नांव कां आलें, हा इतिहास अलीकडचा असूनहि बराचसा अर्धवट सांगितला जातो.

टिम बर्नर्स-ली यांनीं जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत १९८९ च्या मार्चमध्यें आपली योजना वरिष्ठांपुढें ठेविली, व १९९० अखेर पहिला ब्राउझर आणि पहिला सर्व्हर चालूं झाला. शास्त्रज्ञांचे लेख व टिपणें एकमेकांस जोडावीं, हा त्यांतला हेतु. ब्राउझरनें पान मागावें, सर्व्हरनें तें सबंध द्यावें, आणि देऊन झाल्यावर मागणाऱ्यास विसरून जावें, एवढाच त्या दोघांमधला करार. लेख वाचण्यासाठीं हा करार उत्तम होता. पुस्तकाचें पान उलटतांना आपण अर्धेंच पान उलटावें अशी अपेक्षा कोणी करीत नाहीं.

अडचण आली ती पान हें केवळ वाचावयाची वस्तु न राहतां दुकान, टपालकचेरी आणि हिशेबाची वही होऊं लागलें तेव्हां. १९९६ च्या जुलैमध्यें सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनीं हॉटमेल सुरू केलें. पत्र उघडा, नवें पान. पत्र पुसा, पुन्हां नवें पान. यादीकडे परत या, तीच यादी, तींच चित्रें, तीच जाहिरात पुन्हां नव्यानें. आपल्याकडे विदेश संचार निगमानें १९९५ च्या ऑगस्टमध्यें मुंबईसह चार महानगरांत सामान्य ग्राहकांसाठीं इंटरनेट खुलें केलें होतें. टेलिफोनच्या तारेवरून मोडेमच्या किणकिणाटांत जोडणी करण्याचे ते दिवस ज्यांना आठवतात, त्यांना या पुनरावृत्तीची किंमत निराळी सांगावयास नको. गणितच मांडूं. सेकंदास २८,८०० बिटांच्या मोडेमवर साठ हजार बाइटांचें पान उतरावयास अगदीं निर्वेध तारेवरहि सुमारें १७ सेकंद लागत. त्या पानांत खरोखर बदललेला मजकूर असे तीनशें बाइटांचा, आणि तेवढाच मागवितां आला असता तर तो सेकंदाच्या बाराव्या हिश्श्यांत आला असता. उरलेला सारा वेळ, आणि टेलिफोनचें बिलहि, जें अगोदरच पडद्यावर होतें तें पुन्हां मागविण्यांत जाई.

हें दुखणें तज्ज्ञांना कळत नव्हतें असें नाहीं. नेटस्केपच्या १९९६ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत पानाच्या चौकटी पाडण्याची सोय आली; एक चौकट स्थिर ठेवून दुसरींत नवें पान आणतां येऊं लागलें. त्याच साली मायक्रोसॉफ्टनें पानाच्या पोटांत बसणारी चौकट काढली. मग चतुर कारागीरांनीं शून्य रुंदीची, वाचकास न दिसणारी चौकट पानांत दडवून तिच्याकरवीं गुपचूप माहिती आणवावी असा उद्योग सुरू केला. मायक्रोसॉफ्टनें १९९८ सालीं याच कामासाठीं जावा भाषेंतील एक लहानसें अॅप्लेट पुढें आणलें. हीं सारीं ठिगळें होतीं. कामाचीं होतीं, पण ठिगळेंच.

खरी प्रगति दोन बाजूंनीं व्हावयास हवी होती. एक, पडद्यावर मांडून झालेल्या पानाचा कोणताहि भाग मागाहून बदलतां आला पाहिजे. दुसरी, पानाला न हलवितां सर्व्हरकडे मागणी पाठवितां आली पाहिजे. पहिल्या कामासाठीं लागणारी भाषा नेटस्केपमध्यें ब्रेंडन आइक यांनीं १९९५ च्या मे महिन्यांत दहा दिवसांत उभी केली. तीच पुढें जावास्क्रिप्ट या नांवानें प्रसिद्धीस आली. घाईचीं लक्षणें तिच्या अंगावर अजून दिसतात, पण तिनें जग व्यापलें हेंहि खरें. १९९७ सालीं इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तींत या भाषेच्या हातीं सबंध पान आलें. कोणताहि परिच्छेद, कोणतीहि ओळ ती जागच्या जागीं बदलूं शकली. आतां उरली होती ती मूक मागणी.

ती सोय मायक्रोसॉफ्टच्या टपालविभागांतून आली. कचेऱ्यांच्या टपालव्यवस्थेसाठीं या कंपनीचा एक्स्चेंज नांवाचा सर्व्हर होता, आणि आपलें टपाल ब्राउझरमधून वाचतां यावें म्हणून त्यास आउटलुक वेब अॅक्सेस नांवाची पुरवणी जोडलेली होती. पहिली पुरवणी वर सांगितलेल्या सबंध-पान पद्धतीचीच होती. एक्स्चेंजच्या २००० सालच्या आवृत्तीची तयारी चाललेली असतां अॅलेक्स हॉपमन व त्यांचे सहकारी यांच्या मनांत आलें कीं, पानानें स्वतःच सर्व्हराशीं बोलावें. हॉपमन यांनीं त्यासाठीं एक लहानसा घटक लिहिला. त्याचें काम समजावयास स्वयंपाकघरांत डोकावलें तरी पुरे. आमटी चुलीवर आहे आणि घरांत मीठ संपलें आहे. बाई मुलाच्या हातीं चिठ्ठी देऊन त्यास वाण्याकडे पिटाळते, आणि आपण भाजी चिरावयास बसते. मीठ आलें कीं तें तेवढें भांड्यांत पडतें. जुन्या पद्धतीनें मात्र चिमूटभर मिठासाठीं चूल विझवून सारें घर बाजारांत जात होतें, आणि परत आल्यावर आमटी पहिल्यापासून शिजवीत होतें.

घटक झाला, पण तो लोकांच्या संगणकावर पोंचावयाचा कसा? इंटरनेट एक्सप्लोररच्या पांचव्या आवृत्तीची दुसरी चांचणी-प्रत निघण्याच्या बेतांत होती आणि नवें कांहीं आंत घेण्याची मुदत संपत आली होती. त्या ब्राउझरबरोबर एक्सएमएल या लेखनपद्धतीचें ग्रंथागार जावयाचें ठरलें होतें. हॉपमन यांनीं त्या विभागाच्या प्रमुखाशीं बोलून आपला घटक त्या ग्रंथागारांत सामावून घेतला. ज्या गाडींत जागा मिळाली तिचें नांव सामानावर चढलें: एक्सएमएल-एचटीटीपी. वास्तविक त्या घटकाचा एक्सएमएलशीं विशेष संबंध नाहीं, हें स्वतः हॉपमन यांनीं मागाहून लिहून ठेविलें आहे. १९९९ च्या मार्चमध्यें हा ब्राउझर बाहेर पडला, आणि ही सोय लक्षावधि संगणकांवर जाऊन निमूटपणें बसली.

आणि बसूनच राहिली. याचीं कारणें पाहण्यासारखीं आहेत. हा घटक केवळ मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमध्यें चाले. ज्याला सर्वांसाठीं पान करावयाचें असे त्याला तो वर्ज्य होता. २००० सालीं इंटरनेटच्या धंद्यांतला फुगा फुटला आणि धाडस करण्यास पैसा उरला नाहीं. प्रतिस्पर्धी नामोहरम झाल्यावर मायक्रोसॉफ्टलाहि घाई राहिली नाहीं. एक्सप्लोररची सहावी आवृत्ति २००१ च्या ऑगस्टांत आली, आणि सातवी यावयास २००६ चा ऑक्टोबर उजाडला. मक्तेदाराला झोंप लवकर लागते. मधल्या काळांत मोझिलाच्या मंडळीनें तोच घटक आपल्या ब्राउझरमध्यें स्वतंत्रपणें घडविला, आणि २००२ च्या जूनमधील त्यांच्या पहिल्या पूर्ण आवृत्तींत तो आला. अॅपलच्या सफारीनें तो २००४ च्या आरंभीं घेतला. म्हणजे मूळच्या कारखान्यानें दुर्लक्ष केलेली वस्तु प्रतिस्पर्ध्यांनीं नकलून सार्वजनिक केली. माझ्या मतें या इतिहासांतला निर्णायक प्रसंग हाच. जें हत्यार एकाच घरांत आहे त्यावर गांवाचा व्यवहार उभा राहत नाहीं.

व्यवहार उभा राहिला तो २००४ सालीं. १ एप्रिल रोजीं गूगलनें जीमेल जाहीर केलें. त्यांतली एक गिगाबाइटची जागा ऐकून अनेकांस ती एप्रिल-फूलची थट्टा वाटली, कारण हॉटमेल तेव्हां दोन मेगाबाइट देत होतें. पण पॉल बुखहाइट यांच्या या कृतीचें खरें नावीन्य जागेंत नव्हतें, वागण्यांत होतें: पत्र उघडतांना पान जात नव्हतें. (ऑडपोस्ट नांवाच्या एका लहान कंपनीनें २००२ मध्येंच असें टपाल करून दाखविलें होतें, पण तें एक्सप्लोररपुरतें होतें, आणि याहूनें २००४ मध्यें ती कंपनी विकत घेतली.) डिसेंबरांत लिहितां लिहितां सूचना देणारी शोधपेटी आली. आणि २००५ च्या ८ फेब्रुवारीस नकाशे आले. लार्स व येन्स रासमुसेन या बंधूंची सिडनी येथील कंपनी गूगलनें आदल्या वर्षीं घेतली होती. त्यांचा मूळ नकाशा संगणकावर उतरवून घ्यावयाचा होता. गूगलमध्यें तो ब्राउझरमध्यें आणला गेला. सबंध नकाशा चौरस फरश्यांत कापलेला, आणि वाचक ज्या दिशेस ओढील त्या दिशेच्या फरश्या तेवढ्या मागवावयाच्या. पूर्वींच्या नकाशांत दिशेच्या बाणावर टिचकी मारावी आणि पांढऱ्या पडद्याकडे पाहत बसावें, हा प्रकार होता. ज्यांनीं पहिल्यांदा नकाशा ओढून पाहिला त्यांना तांत्रिक विवरणाची गरज पडली नाहीं.

त्यानंतर दहा दिवसांनीं, १८ फेब्रुवारीस, जेसी जेम्स गॅरेट यांनीं एक छोटा लेख प्रसिद्ध केला. आशिलांशीं बोलतांना एवढें लांबलचक वर्णन करावयाचें तें कसें, म्हणून त्यांनीं या पद्धतीस अजॅक्स असें नांव दिलें. हें होमरच्या महाकाव्यांतील एका योद्ध्याचें नांव. अमेरिकेंत भांडीं घासण्याच्या एका पुडीचेंहि तेंच. गॅरेट यांनीं नवें कांहीं शोधलें नव्हतें व तसा दावाहि केला नव्हता. तरी पुढील वर्षभर लोकांनीं त्यांनाच जनक ठरविलें, आणि जुन्या कारागीरांनीं कुरकुर केली. ती कुरकुर मला अर्धीच रास्त वाटते. नांव नसलेली वस्तु मागतां येत नाहीं; पान न हलवितां हें करून द्या असें सांगावयास गिऱ्हाइकाजवळ शब्द नव्हता, तो या लेखानें दिला. २००६ च्या एप्रिलमध्यें वेबचीं मानकें ठरविणाऱ्या संस्थेनें त्या घटकाचा पहिला मसुदा काढला. तोंपर्यंत अर्धें जग तो वापरीत होतें.

या सोयीची किंमतहि पडली, आणि ती कोणावर पडली हें सांगितल्यावांचून हकीकत पुरी होत नाहीं. जुन्या वेबमध्यें प्रत्येक पानास पत्ता होता. पत्ता दिला कीं दुसऱ्यास तेंच दिसे. आतां पत्ता तोच राहून आंतला मजकूर दहा वेळां बदलूं लागला. मागें जाण्याचें बटण दाबावें तों वाचक एकदम घराबाहेर फेकला जाई. शोधयंत्रांना असला मजकूर दिसेना. सर्वांत जास्त गैरसोय झाली ती अंध वाचकांची. त्यांचें वाचनयंत्र नवें पान आलें कीं तें मोठ्यानें वाचून दाखवी. पण पान न बदलतां त्याचा कोपरा बदलला तर त्या यंत्रास त्याची वार्ताच लागत नसे. डोळस माणसाला जें सुखाचें झालें तें त्यांना मुकें झालें. पत्त्याचा प्रश्न एचटीएमएलच्या पांचव्या आवृत्तींतील एका योजनेनें बराच सुटला. अंधांसाठीं, पानाचा अमुक भाग बदलतां राहील, तो बदलतांच वाचून दाखवावा, अशी खूण करण्याचें मानक २०१४ च्या मार्चमध्यें मान्य झालें. म्हणजे जीमेलनंतर दहा वर्षांनीं. आणि ती खूण करावयाची कीं नाहीं हें अजूनहि पान करणाराच्या हातीं आहे.

ज्या एक्सएमएलच्या गाडींत हा घटक बसून आला, ती गाडी मागें पडली. त्या जागीं जेसन नांवाची सुटसुटीत मांडणी आली, आणि २०१५ पासून ब्राउझरांत या कामासाठीं फेच हें नवें साधनहि मिळूं लागलें. जुना घटक मात्र प्रत्येक ब्राउझरांत आहे. त्याचें रोमन नांव लिहितांना एक्सएमएल हीं तिन्ही अक्षरें मोठीं काढावयाचीं, आणि लगेच पुढच्या एचटीटीपीचें मात्र पहिलें तेवढें मोठें. ही विसंगति कोणी सुधारूं गेला तर लक्षावधि जुनीं पानें बंद पडतील. म्हणून ती तशीच ठेविली आहे.