मार्माइट, परळ आणि माझी पणजी

इंग्लंडमधल्या मराठी माणसांचे दोन गट सहज पाडता येतील. मार्माइट खाऊ शकणारे आणि न खाऊ शकणारे. मी पक्का दुसऱ्या गटातला. २००४ साली एम.एस्सी. करायला इथे आलो, तेव्हा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कुणाची तरी ती काळी, गोल पोटाची बाटली उघडी पडली होती. मी ती काकवी समजलो, पावावर चांगली जाडसर फासली आणि मोठा घास घेतला. पुढचं लिहीत नाही. ज्यांनी ही चूक केली आहे त्यांना ठाऊक आहे. ज्यांनी केली नसेल त्यांनी करू नये.

त्या बाटलीची आणि माझी पुन्हा गाठ पडली ती २०११ मध्ये. पत्नीला तिसरा महिना लागला होता आणि लंडनच्या घरात आम्ही दोघंच. सासूबाई आठव्या महिन्यात येणार होत्या. तोपर्यंत घरचा वैद्य, आचारी आणि हमाल असा तिहेरी कारभार माझ्याकडे होता. फोडणीचा वास आला की तिला ओकारी यायची, म्हणून दोन महिने आमच्या घरात फोडणीच बंद होती. वरण-भात, दही-भात आणि बटाटे, एवढाच आमचा मेन्यू. ऑफिसला जाताना ट्यूबमध्ये मिळणारा ‘बेबी ऑन बोर्ड’चा बिल्ला तिच्या पर्समध्येच राहायचा. कोटाला लावायची तिला लाज वाटे. मग पाऊण तास उभ्याने प्रवास!

एके दिवशी शेजारच्या इंग्रज आजी टोस्टची बशी घेऊन आल्या. टोस्टवर लोणी आणि त्यावर मार्माइटचा अगदी पातळ थर. “माझ्या वेळी माझ्या आईने मला हेच दिलं होतं,” म्हणाल्या. मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. पण फोडणीच्या वासाने पळून जाणाऱ्या माझ्या पत्नीने माझ्या डोळ्यांदेखत दोन टोस्ट संपवले आणि ते पोटात राहिलेही! पुढे महिनाभर तोच तिचा नाश्ता होता.

मळमळ गेली, पण थकवा राहिला. जिना चढताना तिला धाप लागे, संध्याकाळी घरी आली की कोट न काढताच सोफ्यावर बसून राही. मी फोनवर आईला विचारलं. आई म्हणाली, “पहिल्या खेपेला होतंच रे असं.” मीही पत्नीला तेच ऐकवलं. अठ्ठाविसाव्या आठवड्यात नेहमीची रक्ततपासणी झाली आणि हिमोग्लोबिन बरंच खाली गेल्याचं कळलं. मिडवाइफने लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, त्या लिंबू किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घ्यायला सांगितल्या आणि गोळीच्या आगेमागे चहा घेऊ नका असं बजावलं. तीन-चार आठवड्यांत पत्नीच्या चेहऱ्यावर रंग दिसू लागला. ‘होतंच असं’ म्हणून जे मी उडवून लावलं होतं, ते एका साध्या तपासणीत सापडलं होतं. ती हे विसरली. मी नाही विसरलो.

ही झाली घरची गोष्ट. इतिहास सुरू होतो १० मे २०१९ या दिवशी. त्या दिवशी गुगलच्या पहिल्या पानावर एका बाईंचं चित्र होतं – ल्यूसी विल्स, १३१ वी जयंती. कोण ह्या बाई म्हणून सहज क्लिक केलं आणि वाचता वाचता थबकलो. मार्माइट. गर्भारपणातला पांडुरोग, म्हणजेच अॅनिमिया. आणि गाव? मुंबई, परळ! माझे आजोबा परळ-लालबागचे. त्या दिवशी क्लायंटचं काम किती झालं ते विचारू नका.

ल्यूसी विल्स यांचा जन्म १८८८ चा. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र घेतलं. मग लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १९२० साली, म्हणजे वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या. दवाखाना काही त्यांनी काढला नाही. लंडनच्याच रॉयल फ्री हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत त्या रमल्या. त्याच सुमारास हिंदुस्थानात डॉ. मार्गारेट बाल्फर या बाई बाळंतपणात होणाऱ्या मृत्यूंची चौकशी करत होत्या. गर्भारपणातला एक तीव्र पांडुरोग बायकांचे बळी घेतो आहे, आणि त्याचं कारण कुणालाच माहीत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्या कामासाठी विल्स १९२८ साली मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी आपलं टेबल मांडलं. प्लेगच्या लशीसाठी गाजलेली ही संस्था १८९९ पासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आहे.

त्या वेळचं परळ डोळ्यांसमोर आणा. भोंग्यावर चालणारं गिरणगाव. एका खोलीत दहा-बारा माणसं. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत हजारो बायका कामाला, त्यातल्या कितीतरी पोटुशा. १९२६ साली परळमध्ये नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उघडलं होतं. गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता मिळावा म्हणून ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणलं होतं, ते फेटाळलं गेलं. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात अशाच विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. बाळंतपण ही बाईची खाजगी बाब आहे, ती तिने निस्तरावी, या समजुतीला प्रथमच सरकारी कागदावर धक्का बसला.

विल्स यांनी आधी साध्या गोष्टी केल्या. या बायका खातात काय, राहतात कशा, हे पाहिलं. मुंबईच्या बायकांच्या आहाराच्या आणि राहणीच्या पाहणीवर १९३० साली जो शोधनिबंध छापला गेला, त्यावर विल्स यांच्या नावाबरोबर तळपदे हे आडनाव आहे. ते वाचून मला उगाच आपल्या घरातलं कुणी भेटल्यासारखं वाटलं. या पाहणीत दिसलं ते असं, की ज्यांच्या ताटात भाजीपाला, फळं, दूध किंवा मांस जवळजवळ नाही, अशा गरीब बायकांमध्ये हा रोग जास्त. सुस्थितीतल्या बायकांत कमी. म्हणजे हा जंतूंचा खेळ नसून ताटातली उणीव असावी.

हा पांडुरोग नेहमीसारखा नव्हता. लोह कमी पडतं तेव्हा रक्तातल्या तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. इथे मात्र त्या नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. पेशी वाढत होत्या, पण त्यांना नीट विभागता येत नव्हतं. अशाच मोठ्या पेशींच्या ‘पर्निशियस अॅनिमिया’वर यकृत, म्हणजे लिव्हर, खाऊ घातल्यास गुण येतो हे १९२६ साली अमेरिकेत सिद्ध झालं होतं. पण लिव्हर महाग, आणि कित्येकींना धर्माने निषिद्ध. विल्स यांनी मग प्रयोगशाळेतल्या उंदरांना आणि माकडांना त्या बायकांसारखाच निकस आहार देऊन तोच पांडुरोग निर्माण केला, आणि एकेक पदार्थ घालून पाहिला. आम्ही सॉफ्टवेअरवाले बग शोधताना हेच करतो. आधी तो पुन्हा घडवून आणायचा, मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

उत्तर सापडलं ते यीस्टमध्ये. इंग्लंडातल्या बर्टन गावात १९०२ पासून बिअरच्या कारखान्यांतल्या उरलेल्या यीस्टचा अर्क करून विकत असत. तो स्वस्त होता, टिकाऊ होता, शाकाहारी होता. तोच आपला मार्माइट! दुखणाईत बायकांना तो दिला, तर काही दिवसांत रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या, भूक परतली. १९३१ साली हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापले गेले.

त्यांच्या कामात आणखी एक बारकावा निघाला. पर्निशियस अॅनिमियावर चालणारा लिव्हरचा शुद्ध केलेला अर्क या बायकांना लागू पडत नसे. कच्चा, ओबडधोबड अर्क मात्र लागू पडे. म्हणजे शुद्ध करताना हवी ती वस्तूच बाहेर जात होती. हा कुठला तरी वेगळा घटक होता. लोक त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले.

त्याला नाव मिळायला दहा वर्षं गेली. १९४१ साली टेक्सासमध्ये चार टन पालकातून तो वेगळा काढण्यात आला आणि पानाच्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव पडलं फोलिक अॅसिड. १९४५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली प्रयोगशाळेने तो कृत्रिमरीत्या बनवला. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमवरमचे यल्लप्रगडा सुब्बाराव. आपला देश सोडून परक्या देशात प्रयोगशाळेत राबलेला हा माणूस १९४८ साली गेला. इथे मुलांना विचारा, एकालाही त्यांचं नाव ठाऊक नसतं. मलाही नव्हतं.

या सगळ्याच्या नादात मी एका रविवारी मुंबईला आत्याला फोन केला. ती आता ऐंशीच्या घरात आहे. “आत्या, तुझी आजी कशाने गेली गं?” आमच्या घरात याचं एकच उत्तर होतं – ‘बाळंतपणात गेली’. त्यापुढे कुणी विचारत नसे. या वेळी मी विचारलं. आत्याने वडिलांकडून, म्हणजे माझ्या आजोबांकडून, ऐकलेलं सांगितलं.

“लालबागला चाळीत राहायचे रे. ती गिरणीत वाइंडिंगला होती. चौथ्या वेळेला तिला मातीचे डोहाळे लागले. चुलीची भाजकी माती लपून खायची. पांढरीफटक पडली होती म्हणे. पायांवर सूज. जिना चढताना मध्ये दोनदा बसायची. बाबा सांगायचे, मी तिचा डबा हातातून घ्यायचो. सगळे म्हणायचे, पोटुशी आहे, होतंच असं. बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी गेली. मूलही राहिलं नाही.”

आजोबा तेव्हा सात-आठ वर्षांचे होते. म्हणजे साल १९३० च्या आसपासचं. लालबागची ती चाळ आणि हाफकिनची इमारत यांत पायी फार तर वीस-पंचवीस मिनिटांचं अंतर.

तिला लोह कमी पडत होतं, की विल्स शोधत होत्या तो घटक, की दोन्ही, हे आता कुणी सांगू शकणार नाही. मातीचे डोहाळे बहुधा अंगात लोह कमी असल्याची खूण असते, हे आज डॉक्टर जाणतात. आपण मात्र पिढ्यान्‌पिढ्या डोहाळे म्हणून त्यांचं कौतुक केलं. मला राहून राहून वाटतं ते एवढंच, की तिचा थकवा सात वर्षांच्या मुलाला दिसला होता. त्याने डबा हातात घेतला. मोठ्या माणसांना तो दिसूनही दिसला नाही.

विल्स १९३३ मध्ये लंडनला परतल्या, पण १९३७ च्या नोव्हेंबरात पुन्हा दहा आठवड्यांसाठी परळला आल्या. या वेळी विमानाने! कराचीपर्यंत पाच दिवस आणि पुढे बोटीने. नऊ तासांच्या प्रवासात जेवण गार मिळालं म्हणून कुरकुरणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे लक्षात ठेवावं. १९४७ मध्ये त्या निवृत्त झाल्या, आयुष्याच्या अखेरच्या काळात चेल्सीत मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या आणि १९६४ साली गेल्या. फोलिक अॅसिडच्या कामाचा पुढचा मोठा अध्याय त्यांना पाहता आला नाही. सात देशांतल्या ३३ केंद्रांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष १९९१ मध्ये आला. ज्या आईला आधी पाठीच्या कण्याचा किंवा मेंदूचा जन्मजात दोष असलेलं मूल झालं आहे, तिने गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक अॅसिड घेतलं, तर तो दोष पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो. गर्भाचा कणा चौथ्या आठवड्यातच मिटतो, म्हणजे कित्येकींना दिवस गेल्याचं कळण्याआधीच. म्हणून ४०० मायक्रोग्रॅमची ती छोटी गोळी आधीपासून आणि पहिले बारा आठवडे घ्यायला सांगतात.

अमेरिकेत १९९८ पासून पिठातच फोलिक अॅसिड घालतात. ब्रिटनने मात्र तीस वर्षं चर्चा केली, २०२१ मध्ये निर्णय जाहीर केला आणि २०२४ मध्ये नियम केला. त्याच्या अंमलासाठी डिसेंबर २०२६ ही तारीख ठरवली. इथे आपल्यासाठी एक खाचखळगा आहे. हा नियम कोंडा काढलेल्या गव्हाच्या पिठाला आहे, होलमील पिठाला नाही. म्हणजे ज्या घरात पाव कमी आणि होलमील आट्याच्या पोळ्या जास्त, तिथे या योजनेचा फायदा पोचणार नाही. आपल्या सुना-लेकींना गोळीची आठवण आपणच करून द्यायची आहे. आणि शाकाहारी असाल तर बी-१२ ही तपासून घ्या, कारण नुसतं फोलिक अॅसिड घेत राहिलं तर बी-१२ ची कमतरता झाकली जाऊ शकते. मार्माइट टोस्टला ठीक आहे. औषध म्हणून गोळीच, आणि तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने.

आठव्या महिन्यात सासूबाई आल्या त्या बॅगेत किलोभर हळीव आणि डिंक घेऊन. हळिवात लोह असतं हे त्यांच्या आईला माहीत नव्हतं, पण बाळंतिणीला लाडू द्यायचे हे माहीत होतं. शेजारच्या आजींनी तो लाडू खाल्ला आणि त्यांचा चेहरा अगदी २००४ मधल्या माझ्यासारखा झाला. फिटंफाट!

आमची मुलगी आता शाळेत विज्ञानाच्या तासाला ‘मायटोसिस’ शिकते. परवा तिला पणजोबांच्या आईची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, “तिचं नाव काय होतं?” मी पुन्हा आत्याला फोन केला. आत्या बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बाबा तिला नुसतं ‘आये’ म्हणायचे रे.”