मुंबईचा धूर कमी झाला, तो कोणाच्या जमिनीवर?

मंडळी, सध्या आमच्या भागात सोलरसाठी जमीन भाड्याने देण्याची चर्चा जोरात आहे. त्यात "हरित ऊर्जा" हा शब्द असा वापरला जातो, जणू कालच शोध लागला. म्हणून थोडा जुना इतिहास सांगतो. पोस्ट लांब आहे, पण वाचाच.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गिरणगावातली प्रत्येक चिमणी दगडी कोळशावर धूर ओकत होती. कोळसा यायचा थेट बंगालकडून, नाहीतर बोटीने. महाग पडायचा आणि शहर काळवंडायचं ते वेगळंच. १९१२ साली तर मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा करावा लागला. कार्बन उत्सर्जन वगैरे शब्द तेव्हा कोणाच्या गावीही नव्हते.

त्यावर उतारा सह्याद्रीत सापडला. जमशेटजी टाटांची ही कल्पना, पण ते १९०४ मध्येच गेले. कंपनी १९१० ला उभी राहिली आणि १९१५ ला खोपोलीचं वीजघर सुरू झालं. युक्ती साधी होती. घाटमाथ्यावर धो धो पाऊस पडतो. ते पाणी खरं तर इंद्रायणी, मुळेतून भीमेला, म्हणजे पूर्वेला जायचं. ते लोणावळा, वळवण, शिरवत्याला अडवायचं आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात सोडायचं. पुढे १९२२ ला भिवपुरी, १९२७ ला भिरा. गिरण्या विजेवर फिरू लागल्या. कोळसा न जाळता एवढी वीज त्या काळात मिळाली, ही छोटी गोष्ट नव्हे. मी तर तिला आपल्याकडची उत्सर्जन-कपातीची पहिली मोठी योजना म्हणेन, भले हेतू स्वस्त विजेचा असो.

पण भिऱ्याचं पाणी आलं कुठून? मुळशीतून. आणि खोऱ्यात काय होतं? आंबेमोहोराची भातखाचरं. पन्नासेक गावांची जमीन जाणार होती. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा वापरला, तोही एका खासगी कंपनीसाठी. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी मावळे बायका-पोरांसकट कामावर जाऊन बसले. "जान किंवा जमीन" ही घोषणा तिथली. पांडुरंग महादेव बापट "सेनापती" झाले तेही याच लढ्यात. काम काही काळ थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. शेवटी बापटांनी कामगारांची गाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. धरण झालंच.

या लढ्यातली एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. बऱ्याच जमिनी पुण्यातल्या सावकारांच्या नावावर किंवा त्यांच्याकडे गहाण होत्या. त्यांना मोबदला चांगला मिळाला की पुरे होतं. कसणाऱ्या कुळाला मात्र जमीनच हवी होती. लढा फुटला तो बराचसा इथे. (कागदावर नाव कोणाचं आणि घाम कोणाचा, हा घोळ आजही सातबारा काढून बघा, दिसेल.)

आता आजचं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत जमिनीचं भाडं हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आहे. मालकी आपलीच राहते. मुळशीवाल्यांना असा पर्याय कोणी दिला नव्हता, हे मान्य करायलाच हवं. आणि कोळसा कमी झालाच पाहिजे. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे, तिथल्या लोकांना राखेबद्दल विचारा. दुसरीकडे २०२३ मध्ये शिरवता आणि भिवपुरीला मिळून २८०० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पांचे करार झाले. म्हणजे खालचं पाणी पंपाने वर चढवायचं आणि गरजेला परत सोडून वीज करायची. डोंगर तेच, पाणीही तेच.

माझा विरोध नाही, स्पष्ट सांगतो. पण पडीक म्हणून दाखवलेल्या गायरानात गुरं कोणाची चरतात? भाडं मालकाला मिळेल, तिथे मजुरीला जाणाऱ्या बाईला काय? करार संपल्यावर पॅनल आणि काँक्रीट कोण उचलणार, हे करारात लिहिलंय का?

पुढच्या ग्रामसभेला मी कराराची मराठी प्रत मागणार आहे. सही करण्याआधी तुम्हीही आपल्या गावात मागा.