दादीचं पानदान आणि बीदरची माती

गेल्या वर्षी शारजाला भाचीकडे जायचं ठरलं, तेव्हा तिने फोनवर एकच फर्माइश केली. "मामू, अपने तरफ की कुछ चीज लाओ. घर में रखने सरीखी." चटणी, पापड, मसाला तिला नको होता, ते सगळं तिथे मिळतं. आपल्या मुलखाची ओळख सांगणारी वस्तू हवी होती. मी जन्माने उदगीरचा, नोकरी नांदेडला, सासुरवाडी लातूरची. तीन गावांत मिळून एक वस्तू सापडेलच, असं मला वाटलं.

सुरुवात नांदेडपासून केली. सचखंड गुरुद्वाराच्या आसपासची दुकानं कडे, कृपाणी आणि पगड्यांच्या कापडाने भरलेली असतात. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींनी इथे देह ठेवला, तेव्हापासून या गावाचं पंजाबशी नातं आहे. यात्रेकरू इथून जे नेतो ते श्रद्धेने नेतो. ती वस्तू मी भाचीच्या दिवाणखान्यात शोभेसाठी ठेवणं बरं दिसलं नसतं. कापड घ्यावं म्हटलं, तर उस्मानशाही मिलचा भोंगा थांबून जमाना झाला. दुकानातली साडी सुरतेची निघाली.

मग लातूर. गंजगोलाई मला लहानपणापासून आवडते. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने तिचा आराखडा केला आणि १९१७ साली ती उभी राहिली. मध्ये गोल दुमजली इमारत, तिच्या पोटात जगदंबेचं मंदिर आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे १६ रस्ते. कुठल्या रस्त्यावर सोनं, कुठे चपला, कुठे मिरची आणि गूळ. देवीच्या भोवती बाजार आणि बाजाराचा नकाशा फैयाजुद्दीनचा, हे लातूरकरांना इतकं सवयीचं झालंय की कुणी मुद्दाम सांगत नाही.

तिथेच एका दुकानात काचेच्या कपाटात काळीभोर फुलदाणी दिसली. अंगावर चांदीच्या पाकळ्या. मी विचारलं तसं दुकानदार म्हणाला, "बिदरी आहे, साहेब. कर्नाटकची कला."

तो काही चुकीचं बोलला नव्हता. २००६ साली बिदरीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते कर्नाटकच्या नावाने. तरीही मला ते लागलं. कारण आमच्या घरात एक बिदरी पानदान होतं आणि ते माझ्या हातून गेलं.

दादी निलंगा तालुक्यातल्या एका खेड्यातली. पानदान तिच्या जहेजमधलं. तेव्हा निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तिन्ही तालुके बीदर जिल्ह्यातच होते. लग्नाचा बस्ता बीदरला, कोर्टाची तारीख बीदरला, दर्ग्याची मन्नतही बीदरलाच. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. हे तीन तालुके उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या मुंबई राज्यात आले आणि बीदर म्हैसूर राज्यात गेलं. पुढे १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला. भाषेच्या हिशेबाने हे बरोबरच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या दिवसापासून दादीचं पानदान परराज्यातलं झालं.

त्याआधी त्या पानदानाने आणखी एक दिवस पाहिला होता. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाने शरणागती पत्करली. त्याआधी रझाकारांनी गावोगावच्या हिंदूंवर जुलूम केले होते. त्याची किंमत नंतर ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशा सामान्य मुसलमानांनीही मोजली. पंडित सुंदरलाल समितीने सर्वांत जास्त झळ बसलेले म्हणून चार जिल्हे नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. दादी घरातून निघाली तेव्हा तिच्या हातात फक्त पानदान होतं. आत सुपारीऐवजी दागिने. शेजारच्या लिंगायत घराने तिला आणि तिच्या लेकरांना आठ दिवस कडब्याच्या गंजीमागे ठेवलं. ही गोष्ट सांगताना दादी त्या घरातल्या बाईचं नाव घ्यायची आणि दुआ करायची.

दादी गेल्यावर घरात पान खाणारं कुणी राहिलं नाही. पानदान माळ्यावर गेलं. चांदी काळवंडली, सगळंच एक काळं, जड डबडं दिसायला लागलं. मी आठवीत असताना मोडवाला दारावर आला. अम्मीने माळा साफ करायला सांगितला होता. मी तागडीत जुन्या बादलीबरोबर पानदानही टाकलं आणि बदल्यात स्टीलचा डबा घेतला. संध्याकाळी अम्मीला कळलं. ती रागावली नाही, नुसती चुलीपुढे बसून राहिली. तो डबा आजही आमच्याकडे आहे.

फुलदाणी मी घेतली नाही. दुसऱ्या रविवारी उदगीरहून रेल्वेत बसलो आणि भालकीमार्गे बीदरला उतरलो. चौबाऱ्याजवळच्या गल्लीत अजून कारखाने आहेत. कारखाना म्हणजे एक खोली आणि चार माणसं. जस्तात थोडं तांबं घालून, साधारण १६ भागांना एक भाग, भांडं ओततात. ते कानशीने घासून गुळगुळीत करतात. मग मोरचुदाचं पाणी लावून काळसर करतात, म्हणजे नक्षीची रेघ दिसते. नक्षी हातानेच काढतात. छिन्नीने खाचा कोरून त्यात चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. शेवटी किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर पाण्यात उकळून भांड्याला लावतात. जस्त काळं होतं, चांदी पांढरीच राहते. माती बरोबर आहे की नाही, हे कारागीर जिभेवर ठेवून ओळखतो.

इराणातून आलेल्या कारागिरांनी बहामनी काळात ही विद्या आणली, असं परंपरा सांगते. आज हाती असलेले जुने नमुने सतराव्या शतकाच्या आसपासचे. हुक्के, सुरया, पानदानं, पिकदाण्या. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनातही बिदरी मांडली गेली होती. १९४९ मध्ये हैदराबाद संस्थानातल्या जहागिऱ्या खालसा झाल्या आणि मोठी गिऱ्हाइकं सरली. आता कानातले आणि कीचेन जास्त खपतात. २०२३ साली बीदरच्या शाह रशीद अहमद क़ादरी यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा गल्लीला आनंद झाला. पण मुलं या कामात येतात का, असं मी विचारलं, तेव्हा एका म्हाताऱ्या कारागिराने हातोडी न थांबवता मान हलवली. "आँखाँ जातियाँ इस काम में."

मग त्यांनी विचारलं, "कहाँ के तुम?"

"उदगीर का."

"तो फिर अपनेच जिल्हे के."

१९५६ ची गोष्ट मी काढली नाही. मुठीत मावेल अशी गोल डबी घेतली. पानदानाची गोष्ट सांगितली, तर ते म्हणाले, तुमच्या दादीचं भांडं माझ्या वालिदांच्या किंवा त्यांच्या उस्तादांच्या हातचं असू शकतं. त्या काळी भांड्यावर नाव कोरायची रीत नव्हती, म्हणून कळायला मार्ग नाही. भाव मी केला नाही.

भाचीला डबी दिली, त्याबरोबर मोडवाल्याची गोष्टही सांगितली. डबीत ती आता कानातले ठेवते.

वाचकांना एक विनंती. नांदेड, लातूर, उस्मानाबादकडच्या कितीतरी घरांत माळ्यावर असं एखादं काळं, जड भांडं पडलेलं असेल. आधी त्याला चुंबक लावून पाहा. चिकटलं नाही, तर मऊ कापडाला थोडं खोबरेल लावून एका कडेला हळूच पुसा. चांदीची एखादी पाकळी दिसली, तर ते तागडीत टाकू नका. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर ते कुणाच्या जहेजमधलं आहे, हे आजच विचारून घ्या.