बर्फ बाहेर, फळ आत : सरबतापासून सॉर्बेपर्यंत

मे महिना लागला की दवाखान्यात एक प्रश्न रोज कानावर येतो. "डॉक्टर, हिला थंड देऊ का? सर्दी होईल ना?" आणि त्याच महिन्यात टायफॉईड आणि कावीळ झालेली मुलेही येतात. खोदून विचारले की बर्फाचा गोळा, उसाचा रस, लग्नातले सरबत असे काहीतरी निघतेच. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच घरांत आईस्क्रीमला बंदी असते. बर्फाचे तुकडे टाकलेल्या सरबताला मात्र "फळच तर आहे" म्हणून परवानगी! म्हणजे भीती थंडपणाची आणि दुर्लक्ष बर्फाकडे. हे असे उलटे का झाले ते समजायला थोडे मागे जावे लागेल. घरी, मशीनशिवाय फळांचे सॉर्बे कसे करायचे तेही सांगणार आहे, कारण ती कृती या इतिहासातूनच आली आहे.

सॉर्बे हा शब्द परदेशी वाटतो, पण तो आपल्या सरबताचा भाऊ आहे. 'पिणे' या अर्थाच्या अरबी धातूपासून शरबत झाले, तुर्की भाषेतून ते इटलीत गेले आणि तिथे सोर्बेत्तो झाले. फ्रेंचांनी त्याचे सॉर्बे केले. फळाचा रस किंवा गर, साखर, आणि गोठवणे. दूध नाही, अंडे नाही.

आता गोठवायचे कसे? अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त पाणी गार करायची रीत दिली आहे. धातूच्या सुरईत एक शेर पाणी भरून तोंड बंद करायचे. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाणी घेऊन त्यात अडीच शेर सोरा टाकायचा आणि त्यात ती सुरई पाव तास फिरवत राहायची. सोरा विरघळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो, म्हणून आतले पाणी गार होते. बंदुकीच्या दारूत लागणारा हाच सोरा! पुढे १५८६ नंतर अकबराचा मुक्काम पंजाबात हलला तेव्हा डोंगरातून बर्फ लाहोरला येऊ लागला. नुसत्या सोऱ्याने पाणी गार होते, पण त्याचा बर्फ होत नाही. त्यासाठी बर्फ आणि मीठ एकत्र यावे लागतात.

ते एकत्र आलेले दिसतात ते रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ साली लिहिलेल्या वर्णनात. अलाहाबादकडचे लोक हिवाळ्यात बर्फ कसा 'पिकवत' ते त्याने बारकाईने लिहिले आहे. मोकळ्या मैदानात उथळ खड्डे, त्यात उसाचे चिपाड किंवा मक्याची वाळलेली ताटे, त्यावर कच्च्या मातीच्या पसरट परळांत उकळून गार केलेले पाणी. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री पहाटेपर्यंत परळांत बर्फाचा पापुद्रा धरे. सूर्य उगवण्याआधी तो गोळा करून जमिनीखालच्या कोठारात ठासून ठेवत आणि उन्हाळ्यात वापरत. तो कसा वापरत, ते तर मला फारच आवडते. सरबत चांदीच्या पातळ, निमुळत्या पेल्यात भरायचे, झाकण लावून कडा लगद्याने लिंपून बंद करायच्या, आणि तो पेला बर्फ, सोरा आणि मीठ भरलेल्या मोठ्या भांड्यात ठेवायचा. सरबत गोठून जाई.

झाकण लिंपण्याचे कारण साधे होते. खारे पाणी आत शिरले तर सरबताची चव जाते. त्या काळी जंतू कुणाला माहीत नव्हते, पण बर्फ आणि खाणे यांच्यात धातूची भिंत उभी राहिली हे खरे. परळात पाणी उकळून ओतत तेही बर्फ चांगला धरावा म्हणून, आरोग्यासाठी नव्हे. आपल्या मटका कुल्फीत आणि सुट्टीत अंगणात फिरवल्या जाणाऱ्या लाकडी पॉट आईस्क्रीममध्ये हीच भिंत आहे. (पॉटवर गोणपाट टाकून बसायचा मान आमच्याकडे सगळ्यात जड भावंडाला मिळायचा.)

तिकडे इटलीत नेपल्स हे सॉर्बेचे माहेर. देला पोर्ताने १५८९ च्या पुस्तकात बर्फ आणि सोऱ्यात बाटली फिरवून वाइन गोठवायची रीत दिली. अंतोनिओ लातिनीने शंभर वर्षांनी सोर्बेत्तोच्या कृती छापल्या. आणि १७७५ साली, म्हणजे बार्करच्याच वर्षी, फिलिप्पो बाल्दिनी नावाच्या डॉक्टरने सॉर्बेवर वैद्यकीय दृष्टीने अख्खे पुस्तक लिहिले! आंबट फळांचे, सुगंधी पदार्थांचे आणि दुधाचे असे त्याने सॉर्बेचे प्रकार पाडले आणि त्यांचे औषधी गुण सांगितले. त्याचे बरेचसे दावे आज टिकणार नाहीत. पण एका डॉक्टरने थंड पदार्थाची बाजू घ्यावी, याचे मला बरे वाटते.

मग भिंत कुठे पडली? बर्फ स्वस्त झाला तिथे. सप्टेंबर १८३३ मध्ये 'टस्कनी' हे जहाज बॉस्टनहून कलकत्त्याला पोचले. निघताना त्यावर १८० टन बर्फ होता, चार महिन्यांच्या प्रवासानंतरही सुमारे १०० टन शिल्लक होता. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने गोठलेल्या तळ्यांचा बर्फ करवतीने कापून भुशात भरून पाठवला होता. लवकरच मुंबई आणि मद्रासलाही तो येऊ लागला. हा पारदर्शक बर्फ लोक थेट पेल्यात टाकू लागले. १८३४ साली जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आईस्क्रीम दिले आणि यजमानासह पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी 'मुंबई समाचार'ने छापली, अशी गोष्ट मुंबईच्या इतिहासात सांगितली जाते. सर्दी विषाणूंमुळे होते आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते. मेजवानीला जमलेली गर्दी त्याला पुरेशी आहे. पण दोष गेला आईस्क्रीमला, तो आजतागायत तिथेच आहे.

बर्फाबद्दलचा एक महत्त्वाचा प्रयोग १८८७ साली प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कच्या टी. मिचेल प्रुडेन यांनी टायफॉईडचे जंतू बर्फात गोठवून ठेवले. शंभराहून जास्त दिवसांनीही काही जंतू जिवंत होते. गोठवल्याने जंतूंची संख्या घटते, पण सगळे मरत नाहीत. कावीळ करणारा हिपॅटायटिस ए विषाणू तर फ्रीझरमध्ये आरामात राहतो. २०१३ साली अमेरिकेत गोठवलेल्या फळांच्या पाकिटांमधून, त्यातल्या डाळिंबाच्या दाण्यांमुळे, त्याची साथ पसरली होती.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. आईस्क्रीम खाल्ले की घसा लगेच गार पडतो, टाळू दुखते, दुसऱ्या दिवशी योगायोगाने शिंका आल्या तरी संबंध जोडला जातो. टायफॉईडचा ताप मात्र दूषित बर्फ पोटात गेल्यावर साधारण एक ते तीन आठवड्यांनी येतो, हिपॅटायटिस ए ची कावीळ दोन ते सात आठवड्यांनी. तोवर तो गोळा कुणाच्या लक्षात राहतो? खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून २०१८ साली महाराष्ट्रात त्यात निळा रंग घालण्याचा नियम झाला. म्हणून निळसर लादी दिसली तर तिथले सरबत नकोच. पण पांढरा बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे मलाही डोळ्यांनी कळत नाही.

तेव्हा घरीच करा. फ्रीझर असेल तर बाहेरचा बर्फ लागतच नाही. हात आणि फळे स्वच्छ धुवा. पिकलेल्या आंब्याच्या किंवा केळ्याच्या फोडी ताटलीत सुट्या पसरून पाच-सहा तास गोठवा. मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा, अडले तर चमचाभर उकळून गार केलेले पाणी घाला. मऊ सॉर्बे तयार! कलिंगड, संत्रे यांत पाणी फार असते. त्यांचा रस गाळू नका, गरासकट पसरट डब्यात ठेवा आणि दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडा. असे तीन-चार वेळा. मुलांना मजा हवी असेल तर झाकणाचा छोटा स्टीलचा डबा मोठ्या पातेल्यात ठेवून भोवती तीन भाग बर्फ आणि एक भाग खडे मीठ घाला आणि वीस-पंचवीस मिनिटे फिरवा. हे मिश्रण शून्याखाली वीस अंशांच्या जवळपास जाऊ शकते, त्यामुळे उघड्या हाताने धरू देऊ नका. झाकण उघडण्याआधी डबा बाहेरून पुसून घ्या.

साखरेचे काय? साखर फक्त गोडीसाठी नसते. ती पाण्याला दगडासारखे गोठू देत नाही, म्हणून सॉर्बे चमच्याने काढता येते. आंब्या-केळ्यात स्वतःची साखर आणि गर पुरेसा असतो, वरून घालावी लागत नाही. लिंबात ती जवळपास नसते. त्यामुळे लिंबाचे सॉर्बे सगळ्यात आंबट लागते, पण वरून घातलेली साखर त्यातच सर्वात जास्त असते. मधुमेह असलेले माझे अनेक रुग्ण "आंबट आहे, चालेल" म्हणून नेमके तेच निवडतात. त्यांनी त्यापेक्षा बिनसाखरेचे फळाचे सॉर्बे अर्धी वाटी घ्यावे, तेही जेवणानंतर गोड म्हणून नव्हे तर त्या वेळच्या फळाऐवजी.